ओव्हाळबाईंचे किडे

यमुना ओव्हाळ गेल्याचं मला कळलं तेव्हा मी कर्जतच्या बाजारात सुकट निवडत बसले होते. शाळेचा शिपाई सायकल तशीच आडवी टाकून माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मीच विचारलं, "पनवेलच्या हॉस्पिटलातून फोन आला?" त्याने मान हलवली. मी पिशवी उचलली आणि चालू लागले. मागून सुकटवाली हाका मारत राहिली. घरी पोचल्यावर लक्षात आलं, मी तिचीच पिशवी उचलून आणली होती.

संध्याकाळी कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या तिच्या गावी सगळं झालं. त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, चिता पेटली, आणि मग माणसं हलक्या आवाजात बोलू लागली. "सुटली बिचारी." "फार सोशीक बाई." "मुंगीलासुद्धा कधी दुखावलं नाही." मी ऐकत होते आणि मला रडू यायच्या ऐवजी संताप येत होता. मुंगीचं मला माहीत नाही, पण किती रेशीमकिड्यांना या बाईने माझ्या डोळ्यांदेखत सुया टोचल्या त्याचा हिशेब नाही. आणि सोशीक? तिने काय सोसलं, एवढं तरी सांगा मला! जे जे सोसायला दिलं गेलं ते ते तिने देणाऱ्याच्या हातात परत ठेवलं. माणूस गेला की लोक त्याला आधी मऊ करून घेतात आणि मग त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. आता महिना होऊन गेला. यमुनाला कोणी असं मऊ करू नये, एवढ्यासाठीच हे लिहिते आहे.

आम्ही दोघी एकाच वर्षी कर्जतच्या शाळेत लागलो. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. ती शास्त्र शिकवायला आली आणि मी मराठी. खालापूरकडच्या कोकणी मुसलमानाची मुलगी मराठी शिकवणार म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलीत थोडी कुजबुज झाली. इंग्रजीच्या सरांनी हसत हसत विचारलं, "हमीदाबाई, तुम्ही मराठी शिकवणार?" मी उत्तर शोधत होते तेवढ्यात कोपऱ्यातून एक किरकोळ, काळीसावळी बाई म्हणाली, "तुम्ही इंग्रजी शिकवता, तुमचं घराणं लंडनचं का?" सर वह्या तपासायला लागले. मी तिच्याकडे पाहिलं. ती आपल्या डब्यातली भाकरी मोडत होती, जणू काही झालंच नव्हतं. ती माझी आणि तिची ओळख.

खोली शोधताना आमची मैत्री पक्की झाली. मला लोक नावावरूनच परतवत. "खोली होती, पण कालच गेली." तिला नावापर्यंत अडचण नसे, यमुना म्हटल्यावर चहासुद्धा विचारत. आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. शेवटी एका लोहाराने आपल्या दुकानावरची माडी आम्हा दोघींना मिळून दिली. "घणाचा आवाज सोसवत असला तर राहा," तो म्हणाला, "माझी दुसरी काय अट नाय." माझा भाऊ चिडून दोन वेळा न्यायला आला. दुसऱ्या वेळी यमुनाने त्याला जेवायला बसवलं, त्याच्या ताटात वाढता वाढता त्याच्या भातगिरणीबद्दल इतके प्रश्न विचारले, कोंड्यात किडे कधी होतात, उन्हाळ्यात जास्त का पावसाळ्यात, की तो मला न्यायचं विसरून गिरणीतले सोंडे एका डबीत भरून पाठवायचं कबूल करून गेला. आणि त्याने ते पाठवलेही.

किड्यांचं वेड तिला मुंबईहून लागलं होतं. तिचे वडील घाटात रेल्वेच्या रुळांवर गँगमन होते. छप्पन साली त्यांनी धर्म बदलला तेव्हा ती नुकती कॉलेजात गेली होती. बापाने तिला एवढंच सांगितलं होतं, "आता कुनाला भ्यायचं नाय आनि कुनाला भिववायचं नाय." ती बी.एस्सी. झाली, एम.एस्सी. झाली. तिथे तिला रेशीमकिड्यांवर काम मिळालं, आणि त्यात तिला एक गोष्ट दिसली. मेलेले, उकळलेले जंतू सुईच्या टोकाने अळीच्या अंगात घातले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जातीचे जिवंत जंतू घातले, तर पुष्कळ अळ्या जगतात. नुसतेच जिवंत जंतू घातले तर मरतात. म्हणजे अळीच्या रक्तात मधल्या काळात काहीतरी तयार होतं, जे जंतूंशी दोन हात करतं. तिने हे आपल्या मार्गदर्शकांना दाखवलं. ते म्हणाले, माणसाच्या रक्तात रोगाशी लढणारी जी द्रव्यं असतात ती किड्याच्या रक्तात सापडलेली नाहीत, तेव्हा तुम्ही पाहिलात तो योगायोग. ही म्हणाली, "सर, किडा शेणात राहतो, कुजक्या लाकडात राहतो. त्याच्याकडे काहीच नसेल तर तो अजून जिवंत कसा?" सर हसले. पुढच्या संशोधनाची जागा दुसऱ्याला मिळाली आणि हिला सांगण्यात आलं की तुम्ही शाळेत फार छान शिकवाल. "आणि ते खरं होतं ना हमीदा," ती मला म्हणायची, "मी छान शिकवते. त्याचाच तर जास्त राग येतो."

पण काम तिने सोडलं नाही. कुठून कुठून अंडी मिळवायची, शाळेच्या मागे तुतीची झाडं लावलेली होती त्यांचा पाला आणायचा, आणि प्रयोगशाळेच्या खिडकीखाली बांबूच्या ताटल्यांत अळ्या वाढवायच्या. मला त्या अळ्यांची शिसारी यायची. पांढऱ्या, थंड, बोटाएवढ्या. ती एकेक उचलून गालाला लावायची आणि म्हणायची, "बघ, किती गार!" मी पळायचे. तरीसुद्धा तिच्या कामात माझा वाटा आहे, आणि तो मी अभिमानाने सांगते. जंतू वाढवायला तिला मटणाच्या हाडांचं सूप लागायचं. ते मी करायचे. निम्मं आमच्या जेवणाला, निम्मं तिच्या काचेच्या बश्यांना. त्या सुपात ती चायनाग्रास घालून ते थिजवायची, आणि सगळं आमच्या प्रेशर कुकरमध्ये शिजवून निर्जंतुक करायची. त्या कुकरमध्ये मी नंतर बरेच दिवस डाळ लावत नसे. ती हसायची. "अगं, कर्जतमध्ये याच्याइतकं स्वच्छ भांडं दुसरं नाही!"

आता मुख्य गोष्टीकडे येते. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी शेवटी कळंबच्या अलीकडच्या एका गावात रेशीम काढायची योजना आली. बांधांवर तुती लावली, गावात एक रेशीमघर बांधलं, आणि अळ्या सांभाळायला बायका घेतल्या. त्यांत बौद्धवाड्यातल्याही काही होत्या. यमुनाची आतेबहीण पार्वती त्यांतली एक. पहिलं पीक थंडीत आलं आणि झकास आलं. दुसरं भाद्रपदात लावलं. आभाळ कोंदलेलं, हवा दमट, आणि लोभापायी एकेका ताटलीत दुपटीने अळ्या भरलेल्या. कोष करायच्या आधीच अळ्या सुस्तावल्या, मऊ पडल्या, काळ्या झाल्या. रेशीमघराच्या वाटेने जाणारे नाकाला पदर लावून जात होते म्हणे. चार-पाच दिवसांत जवळजवळ सगळं पीक गेलं.

त्यानंतरच्या रविवारी पार्वती आमच्या माडीवर आली. बसायला सांगितलं तर बसेना.

"यमे, आमाला भाईर काढलाय," ती म्हणाली.

"कोणी?"

"समितीनं. नारायणशेठ बोलतात, किडा सोवळा असतो. तुमच्या हातानं मेला. आता वाड्यातल्या बायांनी रेशीमघराची पायरी चढायची नाय. आनि गावातल्या बायांनी पन पाळीच्या दिवसांत यायचं नाय."

यमुनाने हातातली वही मिटली. मग तिने विचारलं, "पाला ओला घालत होता?"

पार्वती एकदम उसळली. "मी काय बोलतेय नि तू पाला काय इचारतेस गं!"

"घालत होता का सांग."

"पावसाचं दिस. सुका पाला कुठनं आनू?"

"मग किडा कशाने मेला ते मला कळलं," यमुना म्हणाली. "आता ते त्यांना कळायला हवं. सभा कधी आहे?"

मीही तिच्याबरोबर गेले. देवळासमोरच्या मंडपात सभा होती. पुरुष पुढे, बायका मागे, आणि वाड्यातल्या बायका त्यांच्याही मागे, उन्हात. नारायणशेठ समितीचे अध्यक्ष, माणूस तसा गोड बोलणारा. त्यांनी यमुनाला खुर्ची दिली. "बाई, तुमी शिकलेल्या," ते म्हणाले, "आमी तुमचा मान ठेवतो. पन किडा नाजूक हाय. त्याला विटाळ खपत नाय. हे आमी नाय, किडाच बोलतोय."

यमुना खुर्चीवर बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "मी इकडे येताना तुमच्या रेशीमघरात जाऊन आले. जे थोडे किडे उरलेत ते हातात घेऊन पाहिले. आज माझी पाळी आहे, आणि मी ओव्हाळ आहे. उद्या किती मरतात ते मोजून ठेवा."

पुरुष जमिनीकडे बघायला लागले. मागच्या बायकांत कोणी तरी फिस्सकन हसलं आणि लगेच दाबलं. माझे स्वतःचे कान तापले होते, खोटं कशाला सांगू. आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो तरी तो शब्द तिने माझ्यासमोरही कधी एवढ्या मोठ्याने उच्चारला नव्हता.

नारायणशेठना राग आला, पण तो त्यांनी गिळला. म्हणाले, "बोलनं सोपं हाय बाई. जगवून दाखवा." आणि तिथेच ठरलं. एकाच कागदावर चिकटून आलेली अंडी निम्मी निम्मी करायची. निम्मी गावाच्या रेशीमघरात, जिथे वाड्यातली कोणी जाणार नाही. निम्मी वाड्यात, एका रिकाम्या गोठ्यात. वाड्यातले किडे मेले तर बायकांनी योजनेचं नाव काढायचं नाही. पार्वती आम्हाला एसटीपर्यंत सोडायला निघाली, त्या वाटेवर मी यमुनाला फाडून खाल्लं. म्हटलं, तुला शाळा आहे, पगार आहे, तू पैज लावून मोकळी झालीस. हरलीस तर पाय कोणाच्या पोटावर येणार? यमुनाच्या आधी पार्वतीच फिरली. "तिनं कुठं पैज लावली? आमी लावली. तू पुढं होतीस, तुला ऐकू नाय आलं." आणि खरंच, मंडपाच्या मागून 'हो' म्हणणारा आवाज पार्वतीचा होता.

मी म्हटलं, निदान थंडी येईपर्यंत थांबा. यमुना म्हणाली, "थंडीत कोणाच्याही हातात जगतील. मग दाखवलं काय?" ऑक्टोबरच्या तापत्या दिवसांतच त्यांनी अळ्या लावल्या.

त्याआधी एका शनिवारी दुपारी तिने वाड्यातल्या सगळ्या बायकांना शाळेच्या प्रयोगशाळेत बोलावलं. मुख्याध्यापकांना विचारलं नव्हतं. बायका आधी दारातच थबकल्या, मग बाकांवर बसल्या, त्यांतल्या कितीतरी जणी आयुष्यात पहिल्यांदा बाकावर बसल्या. यमुनाने आदल्या दिवशी काही अळ्यांना उकळून मारलेल्या जंतूंची सुई टोचून ठेवली होती, काहींना नव्हती. बायकांसमोर तिने एकेका अळीचा पाय कात्रीने जरासा कापला आणि काचेच्या बारीक नळीत तिचं रक्त घेतलं. ते लाल नसतं, फिकट पिवळं असतं, आणि हवा लागली की काळं पडत जातं. मग माझ्या सुपाच्या दोन बश्या. दोन्हींत मेलेल्या किड्यांमधून काढलेले जंतू पसरलेले. एकीत टोचलेल्या अळीच्या रक्ताचा थेंब, दुसरीत न टोचलेल्या अळीचा. "उद्या या," ती म्हणाली.

रविवारी त्या पुन्हा आल्या. न टोचलेल्या अळीच्या बशीत सगळीकडे सारखी, ढगळ पांढरी साय धरली होती. दुसऱ्या बशीत साय होतीच, पण थेंबाच्या भोवती बांगडीएवढी स्वच्छ जागा होती. आरपार दिसणारी. तिथे एकही जंतू वाढला नव्हता. बशी हातोहात फिरली. उजेडासमोर धरून प्रत्येकीने पाहिली. पार्वती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "म्हंजे यानंबी देवी टोचून घेतल्या!"

"अगदी तसं नाही," यमुना म्हणाली. "आपल्या रक्ताला वर्षानुवर्षं आठवतं, याचं थोडेच दिवस टिकतं. पण एवढं नक्की, की रोग आला म्हणून हा गप पडून मरत नाही. त्याच्या अंगात औषध तयार होतं आणि तो लढतो. त्याला उकाड्याने दमवलं, ओला पाला घातला, एकमेकांच्या अंगावर कोंबलं, तर त्याचं बळ जातं. हात कोणाचा आहे हे त्याला कळत नाही. धुतलेला आहे की नाही, एवढंच त्याला लागतं."

मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारलं, "बाई, ही बशी नारायणशेठला दावायची का?"

"दाखवू," यमुना म्हणाली, "पण आधी किडे जगवू. बशीला तो जादू म्हणेल."

गोठा चुन्याने सारवला. पाला सकाळी उशिरा, दव उडाल्यावर तोडायचा आणि पुसून घालायचा. ताटल्यांत अळ्या विरळ. दारात पाण्याची बादली आणि साबण. यमुना शाळा सुटली की रोज एसटीने जायची. सगळं नीट चाललं होतं. आणि शेवटची कात टाकून झाल्यावर, कोष करायला थोडेच दिवस उरले असताना, एका रविवारी सकाळी दोन ताटल्यांतल्या अळ्या मऊ पडलेल्या सापडल्या. तोच रोग. पार्वतीची जाऊ रडायला लागली. ती म्हणाली, पटकन पुरून टाकू, कोणाला कळायचं नाय. मी त्या दिवशी तिथे होते. मला ते पटलं होतं. पण यमुनाने त्या दोन ताटल्या उचलल्या आणि गोठ्याबाहेर, रस्त्याच्या कडेला, भर उजेडात नेऊन ठेवल्या.

"अगं काय करतेस!" मी म्हटलं.

"मेलेत ते मेलेत. लपवले तर आपणच म्हणालो की आपल्या हातून पाप झालं."

येणारे-जाणारे बघून गेले. बातमी गावभर झाली. संध्याकाळपर्यंत नारायणशेठ स्वतः आले, ताटल्या बघितल्या आणि हसऱ्या तोंडाने परत गेले. बायकांनी ताटल्या जाळल्या, उरलेल्या अळ्या आणखी विरळ केल्या, सगळीकडे चुन्याची पूड भुरभुरली, मागच्या भिंतीत एक खिंडार पाडून वारा आत घेतला. दुसऱ्या दिवशी आणखी थोड्या मेल्या. त्यानंतर मरायच्या थांबल्या. ज्या उरल्या त्यांनी बांबूच्या चटयांवर चढून मान हलवत धागा काढायला सुरुवात केली... तो दिवस मला विसरता येत नाही. बायका गोठ्यात ओळीने उभ्या होत्या. मी, जिला त्या अळ्यांची शिसारी होती, ती पहिल्यांदा वाकून जवळून बघत होते.

गावाच्या रेशीमघरातही रोग आलाच होता. तिथे निम्म्याहून जास्त पीक गेलं, आणि तिथे तर वाड्यातल्या एकाही बाईची सावली पडली नव्हती. पुढच्या सभेत पार्वती उभी राहिली. तिने भाषण केलं नाही. कोषांनी भरलेली पाटी मंडपाच्या मधोमध ठेवली आणि म्हणाली, "आमच्याकडं बी मेलं, तुमच्याकडं बी मेलं. आमच्याकडचं आमी भाईर ठेवलं, सगळ्यांनी बघितलं. आता शेठ, तुमच्याकडचं कोनाच्या हातानं मेलं ते सांगा." नारायणशेठनी बरंच काही सांगितलं. वाऱ्याचं सांगितलं, ग्रहांचं सांगितलं. पण मागे बसलेल्या गावातल्या बायका आता उघड हसत होत्या. विटाळाचा नियम कोणी मागे घेतला नाही, तो नुसता कोणी पाळला नाही. पुढच्या पिकाला गावातल्याच बायका वाड्यात पार्वतीकडे पाला कसा पुसायचा ते बघायला आल्या.

हे सगळं सुफळ झालं असं मला म्हणता येणार नाही. आमच्या हवेत रेशीम नीट उतरत नाही, आणि काही वर्षांनी योजनाच गुंडाळली गेली. यमुनाला त्याचं वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "हवेने हरवलं ना? चालेल. माणसांनी हरवलं नाही."

तिच्या डोक्यात तोवर दुसराच किडा शिरला होता. कोषाच्या आत अळी निपचित पडून असते, पळू शकत नाही, खाऊ शकत नाही. बाहेर पाऊस, बुरशी, जंतू. मग कोष कुजत का नाही? तिने कुंडीतल्या ओल्या मातीत सुती चिंधी आणि कोष शेजारी शेजारी पुरून ठेवले. चिंधी विरून गेली तेव्हाही कोष शाबूत होता. तिला वाटायचं की धाग्याच्या चिकट वेष्टनातही रक्तासारखंच काहीतरी राखण करणारं असलं पाहिजे. ती कोषाचे तुकडे माझ्या सुपाच्या बश्यांवर ठेवायची. कधी तुकड्याभोवती स्वच्छ कडं दिसे, कधी काहीच नसे. "दिसलं असं सांग ना लोकांना," मी म्हणायचे. ती म्हणायची, "कधी दिसतं आणि कधी दिसत नाही, असंच सांगणार. तसंच आहे ते." एकदा मुंबईहून आलेल्या एका प्राध्यापकांनी तिच्या बश्या पाहिल्या आणि असली कामं शाळेत होत नसतात असं सांगितलं. तिने त्यांना विचारलं, "मग तुमच्याकडे जागा द्या." ते घड्याळ बघून निघाले.

ऐंशीनंतर केव्हातरी तिला कळलं की परदेशात कोणी शास्त्रज्ञांनी पतंगाच्या कोषातल्या किड्याच्या रक्तातून जंतू मारणारी प्रथिनं वेगळी काढून दाखवली. मला तर तिच्या त्या हसऱ्या मार्गदर्शकांच्या दारात जाऊन ओरडावंसं वाटलं. यमुना खोलीभर फिरत होती. "बघ हमीदा, निघाली ना प्रथिनं! योगायोग म्हणे!" मी म्हटलं, तुला वाईट नाही वाटत? हे तुझं होतं. ती थांबली. "वाटतं," म्हणाली. "पण किडा खरा निघाला. मी खोटी पडले असते तर जास्त वाटलं असतं." आणि मग थोड्या वेळाने, माझ्याकडे पाठ करून, "मला जागा द्यायला पाहिजे होती त्यांनी. माझा हक्क होता तो." तेवढंच. पण ते तिने म्हटलं, आणि मी ते इथे लिहिते आहे.

लहानपणीच्या तापाने तिच्या हृदयाची झडप बिघडलेली होती. गेल्या वर्षी ती फार दमू लागली. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलं, तिने लोहाराच्या माडीवरून उतरायला नकार दिला. पनवेलला शेवटी भेटले तेव्हा ती सलाईनची बाटली बदलायला आलेल्या नर्सशी भांडत होती. मी रागावले तर म्हणाली, "भांडत नाही गं, विचारत होते. हिला उत्तर माहीत नाही म्हणून ती चिडली." मग दम लागला म्हणून तिने डोळे मिटले, आणि तसंच म्हणाली, "तुतीचा पाला घातलास?" मी हो म्हटलं. "पुसून?" मी हो म्हटलं. ते खरं होतं.

ती गेली तेव्हा प्रयोगशाळेच्या खिडकीखाली अळ्यांच्या दोन ताटल्या होत्या. आताचे मुख्याध्यापक नवे आहेत, तरुण आहेत. शोकसभेत त्यांनी यमुनाला 'शांत ज्ञानदीप' म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी शिपायाला सांगून खिडकीचा तो कोपरा मोकळा करायला काढला. तिथे कपाट ठेवायचं होतं. "किड्यांचं काय करू बाई?" शिपायाने मला येऊन विचारलं. मी म्हटलं, आण इकडे. दोन्ही ताटल्या त्याने नववीच्या वर्गात आणल्या आणि माझ्या टेबलावर ठेवल्या. निबंधाचा तास होता. मुलं खिदळली, पुढच्या बाकावरच्या मुली मागे सरकल्या. मी एक अळी उचलली आणि तळहातावर घेतली. गार होती.

"जवळ या," मी म्हटलं. "बघा, आणि जे दिसेल ते लिहा. घाण वाटली तर घाण वाटली असं लिहा, पण का वाटली तेही लिहा."

मुलं टेबलाभोवती जमली. काही वेळाने वर्गाच्या दारात मुख्याध्यापक येऊन उभे राहिले. "हमीदाबाई," ते म्हणाले, "हा मराठीचा तास आहे ना?"

"आहे," मी म्हटलं.

"मग हे..."

"हे मराठीतच चाललंय, सर."

ते तिथेच उभे राहिले. मी ताटलीत पुसलेला पाला घातला आणि मुलांकडे वळले.